आमचें उतारवयांतील चित्रपटदर्शन

चित्रपटाविषयीं चार शब्द लिहिण्याचा अधिकार आम्हांस कोठून आला, असें आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी विचारलें तर त्याला बोल लावतां येणार नाहीं. तीस वर्षांहून अधिक काळ आम्हीं माध्यमिक शाळेंत संस्कृत व मराठी शिकविलें. त्या काळांत दुपारचा खेळ पाहून मागच्या दारानें वर्गांत शिरणारीं किती मुलें आम्हीं पकडलीं, याची गणती नाहीं. शिक्षा ठरलेली असे: खेळ जितके तास चालला असेल तितके धातु दाही लकारांत चालवून दाखवावयाचे. ते विद्यार्थी आतां स्वतः आजोबा होण्याच्या बेतांत आहेत आणि रस्त्यांत भेटले म्हणजे हंसून नमस्कार करितात. प्रस्तुत लेख वाचून ते अधिकच हंसतील. परंतु चूक उमगल्यावर ती चार माणसांत बोलून दाखवावी, हेंहि आम्हींच त्यांना शिकविलें होतें.

आमचा सिनेमाविषयींचा तिटकारा वडिलार्जित होता. आमचे तीर्थरूप वैदिक. सिनेमा म्हणजे डोळ्यांची उधळपट्टी, असें त्यांचें ठाम मत. त्याला अपवाद एकच. तो म्हणजे प्रभात कंपनीचा १९३६ सालचा 'संत तुकाराम'. पुढल्याच वर्षीं व्हेनिस येथील महोत्सवांत या चित्रपटाचा गौरव झाला, हें त्यांना ठाऊक नव्हतें; ठाऊक असतें तरी त्याचें त्यांना महत्त्व वाटलें नसतें. तो चित्रपट त्यांनीं कीर्तन म्हणून पाहिला आणि घरीं येऊन स्नान न करितां जेवावयास बसले, एवढीच त्यांची पसंतीची खूण.

वास्तविक आमच्या वाईस चित्रपटाचें वावडें नाहीं. कृष्णेचे घाट आणि जवळचें मेणवली पाहून चित्रपटवाले येथें वारंवार येतात. २००४ सालीं प्रदर्शित झालेल्या 'स्वदेस'चें चित्रण मेणवलीस चाललें होतें, तेव्हां अर्धी वाई तिकडे लोटली होती. आम्ही मात्र त्या गर्दीकडे पाठ करून गणपतीच्या घाटावर संध्या करीत बसलों. तरुणपणीं क्वचित् मित्रांच्या आग्रहास्तव चित्रगृहांत गेलों असूं; परंतु त्या काळीं मुख्य खेळापूर्वीं सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचा एक अनुबोधपट दाखविण्याची सक्ति असे. तो संपेपर्यंत बाहेर शेंगा खात उभें राहावें आणि मग आंत शिरावें, हें आम्ही शहाणपणाचें समजत असूं. तेव्हां ज्याला चुकविण्यासाठीं शेंगा खाल्ल्या, तेंच उतारवयांत मुद्दाम शोधून पाहण्याची पाळी आमच्यावर आली.

ही पाळी आणली ती आमच्या पुतण्याच्या कन्येनें. ती पुण्यास शिकते व चित्रणकलेचा अभ्यास करिते. गतवर्षीं चातुर्मासांत ती दोन महिने घरीं राहिली. आमच्या घरांत लहानमोठीं धरून तेरा माणसें. रात्रीं जेवणें उरकलीं म्हणजे माजघरांत एकत्र बसण्याची चाल अद्याप टिकून आहे. मात्र पूर्वीं जेथें पोथी उघडत असे तेथें आतां दूरदर्शनचा संच आहे. एके रात्रीं ती म्हणाली, "आजोबा, आज मालिका बंद. आज मीं तुमच्यासाठीं एक यज्ञ आणला आहे."

यज्ञ खराच होता. चित्रपटाचें नांव 'ऑल्टर ऑफ फायर', म्हणजे अग्नीची वेदी. रॉबर्ट गार्डनर हे अमेरिकन चित्रपटकार आणि फ्रिट्स स्टाल हे मूळचे डच संस्कृतज्ञ, यांनीं तो १९७६ सालीं पुरा केला. १९७५ च्या एप्रिलांत केरळांतील पांजाळ या गांवीं नंबूद्री ब्राह्मणांनीं अग्निचयन केलें. बारा दिवस चाललेल्या त्या श्रौतयागाचें हें पाऊण तासाचें चित्रण आहे. शुल्बसूत्रें आम्हीं पाठशाळेंत अभ्यासिलीं होतीं. पक्ष्याच्या आकाराची चिति, विटांचे पांच थर, हजारांवर विटा, हें सर्व आमच्या लेखीं कागदावरचें गणित होतें. तें गणित आम्हीं त्या रात्रीं प्रथम मातींत उतरलेलें पाहिलें. विटा मोजून कोण ठेवतो, ठेवतांना त्याचे गुडघे कसे दुखतात, यजमानाची पत्नी छत्रीआड कशी बसते, पशूंच्या जागीं केळीच्या पानांत बांधलेलें तांदळाचें पीठ कसें ठेवलें जातें. आणि सर्व आटोपल्यावर तो गवताचा मंडप अग्नीच्या स्वाधीन कसा होतो! गुरु शिष्याचें मस्तक हातांत धरून उदात्त-अनुदात्ताबरोबर तें खालींवर हलवितो, तो भाग आला तेव्हां आम्हांला वडिलांचा हात आपल्या मानेवर असल्याचा भास झाला.

तथापि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. चित्रपटांत निवेदन इंग्रजींत होतें, आणि त्यावर आमचें निवेदन मराठींत अखंड चालू होतें. "हा प्रवर्ग्य बरें का," "ही उखा," "येथें आपस्तंबांचें मत निराळें आहे." अखेरीस आमच्या कुटुंबानें स्वयंपाकघरांतून विचारलें, "यज्ञ त्यांनीं केला कीं तुम्हीं?" मुलें हंसलीं. आम्हीहि हंसलों, परंतु त्या प्रश्नांतला खोंचकपणा आम्हांस पुढें दोन महिन्यांनीं कळला.

हा याग बहुधा शेवटचाच, अशी समजूत चित्रण करणारांची होती. प्रत्यक्षांत त्याच पांजाळ गांवीं २०११ सालीं तो पुन्हां झाला. एखादी गोष्ट संपत आली म्हणून कोणी तिचें चित्र घ्यावें आणि त्या चित्रामुळें लोकांस तिची पुन्हां आठवण राहावी, हें आम्हांस विलक्षण वाटलें.

त्यानंतर आमचा संकोच गेला. आठवड्यांतून दोन रात्री या तऱ्हेवाईक चित्रपटांस दिल्या जाऊं लागल्या. कन्येनें एक इंग्रजी शब्द घरांत आणला: 'कल्ट'. त्याचा धात्वर्थ आम्हीं कोशांत पाहिला. लॅटिन भाषेंत त्याचें मूळ मशागत व उपासना या दोन्ही अर्थांचें आहे. मराठींत आम्हीं त्याला 'संप्रदायी चित्रपट' असें नांव दिलें. सामान्य प्रेक्षकांनीं ज्याकडे पाठ फिरविली, पण थोड्या माणसांनीं ज्याला देव्हाऱ्यांत बसविलें, तो संप्रदायी चित्रपट. १९७५ सालचा 'द रॉकी हॉरर पिक्चर शो' असाच प्रथम पडला. पुढल्या वर्षीं न्यूयॉर्कच्या एका चित्रगृहांत त्याचे मध्यरात्रीचे खेळ सुरू झाले आणि त्याचे भक्त पात्रांसारखे पोशाख करून येऊं लागले, संवाद पडद्याच्या आधींच म्हणूं लागले, आणि पडद्यावर लग्न लागलें कीं तांदूळ फेंकूं लागले. अक्षता टाकण्याची बुद्धि त्यांना कोणी दिली, कोण जाणे! आमच्या वहिनींना ही हकीकत सांगितली तेव्हां त्या म्हणाल्या, "मग आहेर काय करितात?"

आपल्याकडील संप्रदायी चित्रपटांत कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' अग्रगण्य मानितात. तो तयार झाला १९८८ सालीं आणि आपल्या चित्रगृहांत लागला २०१४ सालीं. म्हणजे वनवास व अज्ञातवास मिळून पांडवांस जितका काळ लागला त्याच्या दुपटीनें! तोंवर तो हातोहातीं, एकाकडून दुसऱ्याकडे असा फिरत होता. अजमेर व पुष्कर या बाजूचा ओम नांवाचा एक मुलगा, ज्योतिष पाहणारा बाप, बेडूक, हिरे, असें कांहींबाहीं त्यांत आहे. कथा सांगा म्हणाल तर सांगतां येणार नाहीं. पुतण्या अर्ध्यावर उठून निजावयास गेला. सूनबाईंनीं शेंगा सोलून टाकल्या. आम्ही शेवटपर्यंत बसलों आणि कन्येस विचारलें, "याचा अन्वय कसा लावावयाचा?" ती म्हणाली, "आजोबा, हा अन्वय लावण्यासाठीं नाहींच."

हें उत्तर आम्हांस रात्रभर टोंचत राहिलें. पहाटे आठवण झाली ती कूटांची. मुक्ताबाईंचें मुंगीचें व सूर्याचें कूट आम्हीं लहानपणीं पाठ केलें तेव्हां त्याचा अर्थ आम्हांस कोणीं सांगितला होता? नाथांचीं भारुडें ऐकून जे लोक रात्र जागवितात, ते प्रत्येक पदाचा अर्थ गांठीस बांधून घरीं जातात काय? आधीं गोडी लागते, अर्थ मागून येतो, कधीं येतहि नाहीं. ही सवलत आम्ही संतांस देतों. अजमेरच्या या मुलास कां देऊं नये? दुसऱ्या खेपेस आम्ही तो चित्रपट एकट्यानेंच पाहिला. कळला असें म्हणवत नाहीं. परंतु कंटाळा आला नाहीं, हें मात्र खरें.

मालेगांवची गोष्ट निराळी. मालेगांव हें नाशिक जिल्ह्यांतलें, यंत्रमागांच्या खडखडाटाचें गांव. तेथील शेख नासीर नांवाच्या चित्रवेड्या गृहस्थानें २००० सालीं 'मालेगांव के शोले' हा विडंबनपट काढला. पुढें त्यांनीं 'सुपरमॅन'चें विडंबन हातीं घेतलें, आणि त्या खटाटोपाचाच अनुबोधपट फैझा अहमद खान या बाईंनीं केला; नांव 'सुपरमेन ऑफ मालेगांव'. त्यांत कॅमेरा चालता ठेवण्यासाठीं सायकल वापरलेली दिसते, आणि आकाशांत उडण्याचा चमत्कार हिरव्या कापडाच्या पुढें साधलेला दिसतो. नायक शफीक हा यंत्रमागावरचा काडीपैलवान कामगार. निळा पोशाख घालून तो उभा राहिला तेव्हां आमच्या माजघरांत हंसूं मावेना. पण हा तरुण पुढें कर्करोगानें वारला, असें कन्येनें शेवटीं सांगितलें आणि सर्व मंडळी गप्प झालीं. आमच्या शाळेंतहि असे किती शफीक मागच्या बांकावर बसून गेले असतील! खेळ पाहून आलेल्या मुलास आम्हीं धातु चालवावयास लावले. "काय पाहिलेंस तें सांग बरें," असें एकदांहि म्हटलें नाहीं.

शेंगा खाऊन चुकविलेले सरकारी अनुबोधपटहि आतां पाहिले. एस. एन. एस. शास्त्री यांचा १९६७ सालचा 'आय अ‍ॅम ट्वेंटी' हा त्यांतला एक. स्वातंत्र्याच्या वर्षीं जन्मलेल्या आणि त्या सालीं विसांत पदार्पण केलेल्या मुलामुलींस आपल्या देशाविषयीं काय वाटतें, एवढेंच त्यांत विचारलें आहे. कोणी मोठ्या आशेनें बोलतो, कोणी थट्टा करितो, कोणी वैतागून बोलतो. सरकारच्या पैशानें काढलेल्या चित्रपटांत सरकारास न रुचणारें बोलणें तसेंच ठेवलेलें पाहून आम्हीं कानाला खडा लावला कीं, न पाहतां मत देऊं नये.

मग लक्षांत आलें कीं, हें वेड बाहेरून आलेलें नाहींच. सावेदादा या नांवानें ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं १८९९ सालीं मुंबईस हँगिंग गार्डनमध्यें एका कुस्तीचें चित्रण केलें. आणि १९०१ सालीं केंब्रिजहून रँग्लर परांजपे परत आले तो समारंभ टिपला. ज्या परांजप्यांचें नांव घेऊन आमचे गणिताचे गुरुजी आम्हांस छड्या मारीत, ते आपल्या देशांतील अगदीं आरंभींच्या अनुबोधपटांपैकीं एकाचे नायक होते! पुढें १९१२ सालीं त्र्यंबकेश्वरच्या दादासाहेब फाळक्यांनीं, भांडवलवाल्यांची खात्री पटावी म्हणून, एका वाटाण्याला अंकुर फुटून त्याचा वेल होईपर्यंतचें चित्रण दररोज थोडें थोडें करून दाखविलें. 'राजा हरिश्चंद्र' त्यानंतरचा. म्हणजे आपल्याकडे हरिश्चंद्राच्याहि आधीं वाटाणा पडद्यावर आला. वाटाण्याच्या वाढीवर निवेदन नव्हतें. वाटाणा काय तो वाढला आणि लोकांनीं तो पाहिला.

आतां ज्या गोष्टीसाठीं हा लेख लिहावयास घेतला तिकडे वळतों.

आमची आई आम्ही सहा वर्षांचे असतां गेली. तेव्हांपासून आम्हांस थोरल्या वहिनींनीं वाढविलें. त्या वेळीं त्यांचें वय तेवीस. पहाटे त्या दळावयास बसत आणि आम्ही अंथरुणांतून उठून जात्याजवळ येऊन त्यांच्या मांडीवर डोकें ठेवून पुन्हां झोपीं जात असूं. ओंव्या आणि जात्याची घरघर हींच आमचीं अंगाईगीतें. आज वहिनींचें वय चौऱ्यायशीं आहे. बंधु जाऊन बारा वर्षें झालीं. गेलीं तीन वर्षें वहिनींची स्मृति हळूहळू मंदावत चालली आहे. जेवण झालें कीं नाहीं, हें त्यांस आठवत नाहीं. कधीं कधीं तिन्हीसांजेस त्या दाराशीं उभ्या राहतात आणि बंधूंची वाट पाहतात. अशा वेळीं त्यांना खरें सांगावें कीं सांगूं नये, याचा निर्णय आम्हांला कोणत्याहि शास्त्रांत सांपडला नाहीं.

आजींच्या ओंव्यांचें चित्रण करावयाचें, असें कन्येनें ठरविलें. आम्हांस आनंद झाला. आम्हीं तत्काळ त्यासाठीं निवेदन लिहिण्यास बसलों. आठ दिवसांत सोळा पृष्ठें झालीं. दळणकांडण करितांना महाराष्ट्रांतील स्त्रिया ओंवी गातात असा उल्लेख सोमेश्वर चालुक्याच्या बाराव्या शतकांतील 'मानसोल्लास' ग्रंथांत आहे, येथून आम्हीं आरंभ केला होता. ओंवीचा छंद, ज्ञानेश्वरांची ओंवी व जात्यावरची ओंवी यांतील भेद, पुण्याच्या हेमा राईरकर व गी पॉइत्वाँ यांच्या प्रयत्नानें गांवोगांवींहून गोळा झालेल्या एक लाखाहून अधिक ओंव्या, सर्व कांहीं त्यांत आलें होतें. हें निवेदन आमच्याच आवाजांत व्हावें, अशीहि आमची सूचना होती.

कन्येनें पृष्ठें आदरानें वाचलीं आणि म्हणाली, "आजोबा, हें छान आहे. पण चित्रपटांत निवेदन नसणार."

आम्हांला राग आला, तो लपविण्यांत अर्थ नाहीं. निवेदनावांचून पाहणाराला काय कळणार? ओंवी म्हणजे काय हें आजच्या मुलांना कोण सांगणार? चाळीस वर्षांनीं हें पाहणारास ही बाई कोण, हें जातें कसलें, याचा पत्ता लागणार नाहीं. आमचा आवाज थोडा चढलाहि. ती वाद घालीत बसली नाहीं. त्या रात्रीं तिनें आणखी एक चित्रपट लावला आणि एवढेंच म्हणाली, "हा त्याच गार्डनरसाहेबांचा. यज्ञानंतर दहा वर्षांनीं केलेला."

चित्रपटाचें नांव 'फॉरेस्ट ऑफ ब्लिस', साल १९८६. आनंदवन हें काशीचें पुराणप्रसिद्ध नांव. त्याचेंच हें इंग्रजी रूप. आरंभीं बृहदारण्यकांतील अन्न व अन्नाद यांविषयींच्या वचनाचें इंग्रजी भाषांतर पडद्यावर येतें. तें कवि येट्स आणि श्रीपुरोहितस्वामी यांनीं मिळून केलेलें. पुरोहितस्वामी म्हणजे आपल्या विदर्भांतील बडनेऱ्याचे. तेवढीं अक्षरें सरलीं कीं पुढें दीड तास ना निवेदन, ना भाषांतर. काशीचा एक दिवस, पहाटेपासून पुढल्या पहाटेपर्यंत. वल्ह्यांचा कुरकुर आवाज. झेंडूचीं फुलें खुडणारे हात. तराजूंत तोलला जाणारा लाकूडफांटा. घाटाच्या पायऱ्या कण्हत उतरणारा एक वृद्ध. नवी होडी बांधणारे सुतार. शिडीवर बांधून नेलेलें प्रेत. डोमराजाचा वाडा. पैलतीरावरचीं भांडणारीं कुत्रीं. गच्चीवरून पतंग उडविणारा मुलगा.

पहिलीं दहा मिनिटें आमची जीभ वळवळत होती. "हा मणिकर्णिकेचा घाट," असें आम्हीं दोनदां म्हटलें. मग बोलणें आपोआप बंद पडलें. आम्ही काशीस दोनदां जाऊन आलों आहों. दोन्ही वेळां बरोबरच्या मंडळींस स्थलमाहात्म्य सांगत हिंडलों. परंतु चितेसाठीं लाकूड तोलतांना तराजूचा कांटा क्षणभर थरथरतो, तें आम्हीं पाहिलें नव्हतें. तो कांटा दिसला आणि कोणी कांहीं न सांगतां अंगावर कांटा आला. ज्या झेंडूच्या माळा देवाला जातात त्याच प्रेताला जातात, त्याच कुत्र्याच्या वा गाईच्या तोंडीं लागतात. हें जर कोणी निवेदनांत सांगितलें असतें तर "छान दृष्टांत" म्हणून आम्ही मान डोलावली असती आणि विसरून गेलों असतों.

भाष्यकार मोठे खरे. आमचा सारा जन्म त्यांच्या पायांशीं गेला. पण आधीं मूळ वाचावें, मग भाष्य उघडावें, हा नियम आम्हीं मुलांस सांगितला आणि स्वतः कधीं पाळला नाहीं. पुढ्यांत मूळ असतां आम्ही भाष्यच म्हणत राहिलों. चित्रपट संपल्यावर सोळा पृष्ठें आम्हीं आपण होऊन पेटींत ठेविलीं.

कार्तिकांतल्या एका पहाटे चित्रण झालें. माळ्यावरचें जातें खालीं उतरविलें होतें. त्याला टांकी लावणारा मनुष्य शोधण्यांत चार दिवस गेले. वहिनी जात्यापुढें बसल्या. हें सर्व कशासाठीं, हें त्यांना उमगलें नसावें. पण खुंट्याला हात लागतांच त्यांची पाठ सरळ झाली. डाव्या हातानें जात्याच्या मुखांत घास आणि उजव्या हातानें फेरा, हें त्यांना कोणी सांगावें लागलें नाहीं. पहिल्या दोन ओंव्या देवाच्या झाल्या. तिसरी माहेरची. तिच्या दुसऱ्या चरणाशीं त्या अडल्या.

तो चरण आम्हांस येत होता. आम्हीं मान पुढें केली, ओंठहि उघडले. समोर कन्येनें कॅमेऱ्यामागून नुसता हात वर केला. आम्ही थांबलों. सांगावयास सोपें आहे. परंतु अडलेल्या विद्यार्थ्याला शब्द पुरविण्याची ज्याची जन्माची खोड, त्यानें अशा वेळीं गप्प बसणें म्हणजे काय, हें मास्तरच जाणे. घरघर चालू होती. पीठ पडत होतें. एक फेरा, दहा फेरे, तीस फेरे. वहिनींची नजर कोठें तरी दूर होती.

आणि मग त्यांनीं जी ओंवी म्हटली ती आम्हीं जन्मांत ऐकली नव्हती. ती ओंवी धाकट्या दिराची होती. शब्द येथें देत नाहीं, ते वहिनींचे आहेत. आशय असा कीं, सासूबाईंनीं जातांना माझ्या पदरांत एक निखारा ठेविला. तो विझूं द्यावयाचा नाहीं आणि पदरहि जळूं द्यावयाचा नाहीं. शेवटच्या चरणांत आमचें घरांतलें लहानपणचें नांव होतें. त्या नांवानें हांक मारणारें आतां दुसरें कोणी उरलें नाहीं.

एकसष्ट वर्षांपूर्वीं मांडीवर निजलेलें पोर गाढ झोपल्याची खात्री करून त्या ती ओंवी म्हणत असाव्यात. आम्ही जागे असतांना त्यांनीं ती कधीं म्हटली नाहीं. त्या पहाटे आम्हीं शब्द पुरविला असता तर माहेरची ओंवी पुरी झाली असती, आणि ही आलीच नसती.

चित्रण बावीस मिनिटांचें झालें. पुढें एकदां माजघरांत सर्वांस तें दाखविलें. वहिनींना मध्यें बसविलें होतें. त्यांनीं थोडा वेळ पाहिलें आणि आम्हांस विचारलें, "भाऊजी, ही बाई कोण?" कोणाच्यानें उत्तर देववेना. त्या पुन्हां कान देऊन ऐकूं लागल्या आणि म्हणाल्या, "गळा बरा आहे हिचा. पण दळण भरड येतें आहे, तिला सांगा." तें खरेंच होतें. जात्याला नवी टांकी लागली होती आणि पीठ भरड आलें होतें, हें सूनबाईंनीं त्याच दिवशीं भाकरी थापतांना पाहिलें होतें. चेहरा ओळखूं येत नाहीं. पण नुसत्या घरघरीवरून पीठ ओळखूं येतें.

वाचकांस आमचें सांगणें थोडकेंच आहे. असे तऱ्हेवाईक चित्रपट आतां दुर्मिळ राहिले नाहींत. घरांतल्या एखाद्या तरुण मुलास विचारलें तर तो शोधून आणील. एखादा कळला नाहीं तर लगेच उठूं नये. दहा मिनिटें जीभ आवरून धरावी, पुढें ती आपोआप आवरते. आणि आपल्या घरांत कोणी वडीलधारें माणूस जात्याशीं, चुलीशीं, पोथीशीं अद्याप बसत असेल तर मुलांना त्याचें चित्रण करूं द्यावें. तें अडलें तर मध्यें बोलूं नये.

आमचीं सोळा पृष्ठें पेटींत सुरक्षित आहेत. कोणास हवीं असल्यास चित्रण पाहून झाल्यावर मागावीं.